हिवाळी शेजार

फ्लोरिडाच्या पाम बीच परगण्यात समुद्राच्या कडेकडेने ए-वन-ए नावाचा रस्ता जातो. त्याच्या दोन्ही अंगांना उंच कुंपणांआडचे बंगले आणि टोलेजंग इमारती आहेत. ओशन रिज आणि गल्फ स्ट्रीम या दोन श्रीमंत गावांच्या बेचक्यात मात्र एक वेगळंच गाव लागतं, ब्रायनी ब्रीझेस. जागा ४३ एकर, भूखंड ४८८, आणि त्यांवर कारखान्यात तयार करून आणून बसवलेली बुटकी, पांढरट घरं. घरं एकमेकांना इतकी खेटून की शेजारच्या स्वयंपाकघरात कॉफी उकळली की वास आपल्याकडे यावा. वर्षभर राहणारी माणसं पाचशेच्या आसपास. नोव्हेंबर लागला की उत्तरेकडून गाड्या येऊ लागतात, दारांची कुलुपं निघतात, खुर्च्या बाहेर येतात आणि गाव भरतं. एप्रिलमध्ये ते पुन्हा रिकामं होतं.

थंडीचे महिने दक्षिणेत काढणाऱ्या या मंडळींना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. ती बहुतेक निवृत्त जोडपी असतात. कोणी मिशिगन-ओहायोचं, कोणी न्यूयॉर्ककडचं, कोणी कॅनडातल्या ओंटारिओ नाहीतर क्वेबेकचं. त्यांच्याबद्दल लिहिताना सगळा भर उन्हावर आणि वाळूवर दिला जातो. मला ते अर्धंच वाटतं. उन्हासाठी माणूस एकदा जातो, दोनदा जातो. पण वीस-वीस वर्षं त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्यांकडे परतणं उन्हाच्या जोरावर होत नाही. अशा वस्त्या कशा घडल्या ते पाहिलं की हे लक्षात येतं.

सुरुवात साध्या माणसांनी केली. पहिलं महायुद्ध संपल्यावर उत्तरेकडचे शेतकरी, कारागीर, छोटे दुकानदार फोर्डच्या मॉडेल-टी गाडीत तंबू आणि डबाबंद अन्न भरून फ्लोरिडाकडे निघू लागले. हॉटेल परवडत नव्हतं, म्हणून रात्री मोकळ्या माळावर तळ पडे. १९१९ मध्ये टॅम्पा शहरातल्या डिसोटो पार्कमध्ये अशाच प्रवाशांनी एक संघटना काढली, ‘टिन कॅन टुरिस्ट्स’. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा जोडलेला दिसला की हा आपला माणूस, हे ओळखायचं. त्यांच्या तळांवर एकत्र जेवणं, गाणीबजावणी आणि खेळ चालत. पुढच्या शंभर वर्षांत तंबूचा ट्रेलर झाला, ट्रेलरचं घर झालं, तरी या जगण्याचा साचा तोच राहिला.

ब्रायनी ब्रीझेसही आधी शेत होतं. वॉर्ड मिलर नावाचे गृहस्थ तिथे स्ट्रॉबेरी पिकवत. तीसच्या दशकात प्रवासी त्यांच्या जमिनीवर ट्रेलर लावू लागले, आणि हळूहळू शेतापेक्षा ट्रेलरांचंच भाडं परवडू लागलं. पुढे १९५८ मध्ये तिथे राहणाऱ्यांनी एकत्र येऊन जमीनच विकत घेतली. १९६३ मध्ये गावाला कायद्याने नगराचा दर्जा मिळाला. आजही जमीन एकेकट्याच्या नावावर नाही, सगळ्यांच्या कंपनीच्या नावावर आहे आणि प्रत्येक कुटुंब त्या कंपनीचं भागधारक आहे. म्हणजे आपल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीसारखीच ही रचना, फक्त अंगणात अटलांटिक महासागर.

हवेचं कारणही सांगायला हवं. जानेवारीत मॉन्ट्रियलचा पारा सरासरी शून्याखाली दहाच्या आसपास असतो, तर दक्षिण फ्लोरिडात दुपारी २४-२५ अंश. ‘गल्फ स्ट्रीम’ हा उबदार सागरी प्रवाह अमेरिकेच्या किनाऱ्याच्या सगळ्यात जवळ येतो तो या पाम बीच भागात, त्यामुळे जवळचं पाणी आणि वारा दोन्ही कोमट राहतात. अधूनमधून थंडीची लाट तिथेही पोचते. जानेवारी २०२० मध्ये तर गारठून झाडांवरून इग्वाना खाली पडतील, असा इशारा मियामीच्या हवामान कार्यालयाने दिला होता. पण दोन दिवसांत ऊन परत येतं. सांधे धरलेल्या, बर्फावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडण्याच्या धास्तीने महिनोन्‌महिने घरात कोंडलेल्या सत्तरीच्या माणसाला हा फरक औषधासारखा वाटतो. सकाळी उठून नुसतं चालायला बाहेर पडता येणं ही त्या वयात फार मोठी गोष्ट आहे.

आणि बाहेर पडलं की माणसं भेटतात. अशा वस्तीतला दिवस बहुतेक ठरलेला असतो. उजाडताना किनाऱ्यावर फेरी, मग पोहण्याचा तलाव किंवा पिकलबॉल. त्याहूनही जुना खेळ म्हणजे शफलबोर्ड. लांब दांड्याने चकती सरकवत नेमक्या घरात पोचवायची. याला धाव लागत नाही, ताकद लागत नाही, त्यामुळे ऐंशीची आजी आणि पासष्टचा जावई बरोबरीने खेळतात. फ्लोरिडातच सेंट पीटर्सबर्ग इथला १९२४ चा शफलबोर्ड क्लब जगातला सर्वांत जुना मानला जातो. दुपारी पत्ते, चित्रकलेचा वर्ग, लाकूडकामाची कार्यशाळा. संध्याकाळी कोणाच्या तरी दारात खुर्च्यांचं कोंडाळं आणि प्रत्येकाने आपापल्या घरून आणलेला एकेक पदार्थ. इथे कोणी निवृत्त प्लंबर असतो, कोणी माजी मुख्याध्यापिका, कोणी परिचारिका. नळ गळला की पहिल्याला हाक, विम्याचा अर्ज समजला नाही की दुसरीला, रक्तदाब वाढल्यासारखा वाटला की तिसरीला.

हे घडतं त्याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही फार साधी आहेत. एक म्हणजे घरं लहान. आत बसून दिवस काढता येत नाही, म्हणून माणूस ओट्यावर येतो. दुसरं म्हणजे सगळे एकाच वेळी येतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम कोणी लादलेला नसतो, पण तो सगळ्यांचा एकच असतो. आपल्या गावाकडच्या मे महिन्यासारखं हे आहे. चाकरमानी एकाच सुमारास येतात, म्हणून घर घर वाटतं. त्याच घरी ऑगस्टमध्ये एकट्याने जाऊन पाहिलं तर वेगळा अनुभव येतो.

बाहेरून निवांत दिसणाऱ्या या आयुष्यात आकडेमोड मात्र बरीच आहे, विशेषतः कॅनडाहून येणाऱ्यांना. त्यांच्या घरात कॅलेंडर देव्हाऱ्यासारखं जपलं जातं. ओंटारिओ प्रांताची सरकारी आरोग्यसेवा टिकवायची तर बारा महिन्यांत २१२ दिवसांहून अधिक बाहेर राहता येत नाही. क्वेबेकचा नियम याहून कडक आहे. अमेरिकेच्या करखात्याचा हिशेब निराळाच. यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एकतृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एकषष्ठांश धरून बेरीज १८३ किंवा त्याहून अधिक झाली, तर कराच्या दृष्टीने तुम्ही अमेरिकेचे रहिवासी ठरू शकता. मग आपलं खरं घर आणि लागेबांधे कॅनडात आहेत, हे सांगणारा वेगळा अर्ज भरावा लागतो. दर वर्षी १२१ दिवसांच्या आत राहिलं तर ही कटकटच येत नाही. त्यामुळे मार्चअखेर नातवाचा वाढदिवस असो वा नसो, गाडी उत्तरेकडे वळते.

त्याहून मोठी चिंता दवाखान्याची. कॅनडात मोफत मिळणारा उपचार अमेरिकेत घेतला तर बिल पाहून घर विकायची वेळ येऊ शकते. परदेशातल्या तातडीच्या उपचारांसाठी ओंटारिओ सरकार रुग्णालयातल्या मुक्कामाचे दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनेडियन डॉलर देतं. अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागाच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य आहे. तीही जानेवारी २०२० मध्ये बंद झाली होती. १९९२ पासून काम करणारी कॅनेडियन स्नोबर्ड असोसिएशन कोर्टात गेली आणि त्याच वर्षी निकाल तिच्या बाजूने लागला. निवृत्त माणसांची संघटना सरकारला कोर्टात हरवते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तरीही खासगी प्रवासविमा घ्यावाच लागतो, आणि त्यातलं एक कलम भल्याभल्यांची झोप उडवतं. आधीपासून असलेला आजार प्रवासापूर्वी तीन किंवा सहा महिने ‘स्थिर’ असला पाहिजे. डॉक्टरांनी मधेच गोळीचा डोस बदलला तरी विमा कंपनी हात वर करू शकते.

घराचे प्रश्न आणखी वेगळे. जून २०२१ मध्ये मियामीजवळच्या सर्फसाइड गावात समुद्रकाठची बारा मजली इमारत मध्यरात्री कोसळली आणि ९८ माणसं गेली. त्यानंतर फ्लोरिडाने जुन्या उंच इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीनिधी सक्तीचा केला. तो आवश्यकच होता, पण महिन्याची वर्गणी अनेक ठिकाणी पेन्शनवाल्यांच्या आवाक्याबाहेर गेली. त्यात वादळांमुळे विम्याचे हप्ते वाढत चालले आहेत. अलीकडे अमेरिका आणि कॅनडा यांच्यातले संबंधही बिघडले. रस्त्याने सीमा ओलांडून तीस किंवा त्याहून अधिक दिवस राहणाऱ्या कॅनेडियनांना एप्रिल २०२५ पासून सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. ज्यांनी आयुष्यभर या सीमेला सीमा मानलंच नाही, त्यांना हे लागलं. यंदा जायचं की नाही, यावर कित्येक घरांत नवरा-बायकोचंही एकमत होत नाही.

ब्रायनी ब्रीझेसची सगळ्यात कठीण परीक्षा मात्र पैशाने घेतली. एका बांधकाम कंपनीने अख्ख्या गावासाठी ५१ कोटी डॉलर देऊ केले. सरासरी काढली तर प्रत्येक भूखंडामागे दहा लाख डॉलरहून अधिक. २००७ च्या जानेवारीत भागधारकांनी मतदान केलं आणि मोठ्या बहुमताने विकायचं ठरवलं. पुढे त्याच वर्षी व्यवहार फिसकटला आणि गाव जागच्या जागी राहिलं. ही हकिगत मैत्रीपुढे पैसा हरला अशी सांगता येणार नाही, कारण मतं विक्रीच्या बाजूने पडली होती. पण त्या मतदारांना दोषही देववत नाही. अनेकांचं वय झालं होतं. मुलाबाळांसाठी एवढं ठेवून जाण्याची संधी साध्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला पुन्हा येत नाही. शेजार किती मोलाचा असला तरी तो मृत्युपत्रात लिहिता येत नाही, आणि दहा लाख डॉलर येतात. गाव टिकलं ते योगायोगाने. आता त्याच्यापुढे वेगळं संकट आहे. मागच्या बाजूची खाडी मोठ्या भरतीला रस्त्यांवर येते, आणि समुद्राची पातळी वाढत असताना इतक्या सखल जागेवरची हलकी घरं किती वर्षं तगतील, हा प्रश्न गावाच्या सभांमध्ये आहेच.

आपल्याकडची माणसंही या हिवाळी स्थलांतरात आहेत. १९६५ नंतर अमेरिकेत आणि त्याच सुमारास कॅनडात गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांची पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्यातले कित्येक डिसेंबर-जानेवारीत पुण्याला येतात. लग्नसराई, नाटकं, सवाई गंधर्व महोत्सव, सकाळी टेकडी. त्यांचा समुद्रकिनारा म्हणजे पुण्यातले जुने मित्र. ज्यांना लांबचा विमानप्रवास झेपत नाही, ते फ्लोरिडा गाठतात. तिथे टव्हारेस गावात खास भारतीय ज्येष्ठांसाठी ‘शांतिनिकेतन’ नावाची वसाहत आहे. तिच्याजवळ समुद्र नाही, पण भारतीय जेवण आहे, भजन आहे, आणि दुपारच्या चहाला आपल्यासारखाच परतीचा प्रश्न सोडून दिलेली माणसं आहेत.

कोकणातल्या आपल्या ‘सेकंड होम’चा विचार या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर केला की मला वाईट वाटतं. दापोली, मुरुड, गुहागर, अलिबाग. हवा उत्तम, समुद्र समोर, घरं ब्रायनी ब्रीझेसपेक्षा कितीतरी प्रशस्त. पण एक कुटुंब दिवाळीत जातं, दुसरं नाताळात, तिसरं वर्षातून एकदा घराला वाळवी लागली का ते पाहायला. निवृत्त जोडपं हौसेने राहायला जातं आणि पंधरवड्यात कंटाळून परत येतं, कारण डावी-उजवीकडची दारं बंद असतात. अशी चार दारं मार्गशीर्ष ते माघ एकदम उघडी राहिली तर चित्र पालटेल. मित्रांच्या चार जोडप्यांनी जागा घेतानाच जवळजवळ घ्यायची, मोठी नाही घेतली तरी चालेल, आणि यायचे-जायचे महिने आधी ठरवायचे. स्वयंपाकाला गावातल्याच बाईंना चारही घरांनी मिळून ठेवायचं, म्हणजे त्यांनाही सलग काम मिळेल. रक्ताच्या तपासण्या आणि औषधांचा साठा निघण्याआधी करायचा. दाताचं आणि डोळ्यांचं काही असेल तर तेही आधी उरकायचं. दापोली-गुहागरकडे मोठं रुग्णालय म्हणजे चिपळूणजवळ डेरवणचं, आणि दापोलीहून तिथला रस्ता घाटवळणांचा आहे. त्यामुळे आठ जणांत निदान एक तरी असा हवा, ज्याला रात्री गाडी चालवताना अजून नीट दिसतं.