जालन्याच्या उन्हात टर्बोचा कूलर
बोनस हातात आहे, गाडी टर्बो आहे आणि बाहेर ४२ डिग्री... मोठा आफ्टरमार्केट इंटरकूलर बसवायचा का?

मे महिन्यात जालन्यात कुणी ‘कूलर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो खिडकीला टेकवलेला पत्र्याचा डबा. वाळ्याचा वास, मोटरची घरघर आणि संध्याकाळी टाकी कुणी भरायची यावरून भांडण. त्यामुळे ठाण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका जालनेकर मित्राने फोनवर ‘बोनस आला, कूलर घेतोय’ असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अरे वा, आई-बाबांसाठी? पठ्ठ्या म्हणाला, ‘नाही गं, गाडीसाठी. इंटरकूलर!’

त्याची गाडी म्हणजे सेकंडहँड टर्बो पेट्रोल सेडान. दर महिन्यातून दोनदा शुक्रवारी रात्री ठाण्याहून निघायचं, समृद्धी महामार्ग धरायचा आणि तीनशेहून जास्त किलोमीटर मारून जालना गाठायचं. नागपूर-शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. तेव्हापासून हा प्रवास त्याच्यासाठी वीकएंडची सगळ्यात मोठी ऐश आहे. तक्रार एकच. ‘दुपारी गाडी मेल्यासारखी पळते यार. रात्री वाघ, दुपारी मांजर!’

तक्रार खोटी नाही. तिच्यावर त्याने शोधलेलं औषध मात्र महाग आहे. जर्मनीची वॅगनर ट्यूनिंग किंवा इंग्लंडची फोर्ज मोटरस्पोर्ट अशा नावाजलेल्या कंपन्यांची किट मागवली, तर कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून बिल सहज सहा आकड्यांच्या आसपास जातं. म्हणजे अनेकांच्या पगाराचा दीड-दोन महिन्यांचा घास. तेव्हा क्लिक करण्याआधी जरा फंडा समजून घेऊ.

माठ नाही, रेडिएटर आहे बॉस!

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराड्यातून निघणाऱ्या गरम वायूंवर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. पण सायकलच्या पंपाने हवा भरताना नळी तापते ना, तसंच इथेही होतं. हवा दाबली की तापते. तापली की पसरते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी मावते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाळी बसवतात. आतून दाबलेली गरम हवा जाते, बाहेरून वारा लागतो. हाच इंटरकूलर.

जालन्याला हे प्रकरण नवीन नाही बरं का. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून सळई घेऊन निघणाऱ्या ट्रकवाल्यांना ‘टीसीआयसी’ ही अक्षरं कधीपासून पाठ आहेत. टर्बोचार्ज्ड, इंटरकूल्ड. टाटांचं ६९७ टीसीआयसी इंजिन या लाइनीतल्या कुणालाही विचारा. कारच्या दुनियेत टर्बो पेट्रोलचं वारं नंतर आलं. २०१७ साली रांजणगावहून निघालेली नेक्सॉन आली, आणि टर्बो पेट्रोल ही फक्त शौकिनांची चीज राहिली नाही.

आता घरातल्या माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार होतं, कारण पाणी झिरपून उडून जातं. इंटरकूलरला ही जादू येत नाही. तो हवेवर हवा मारतो. बाहेर ४२ अंश असतील तर जगातला सगळ्यात महाग इंटरकूलरसुद्धा ४२ च्या खाली जाऊ शकत नाही. सुबारूने इम्प्रेझा एसटीआयवर इंटरकूलरवर पाणी फवारायची सोय कंपनीतूनच दिली होती, पण २०१३ च्या दुष्काळात टँकरच्या रांगा लावलेल्या शहरात मी ती आयडिया सुचवणार नाही!

आकड्यांचा खेळ

एक साधा हिशेब मांडू. समजा टर्बो हवेचा दाब दुप्पट करतोय आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे. मे महिन्यातल्या दुपारी ४२ अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडते ती साधारण १४० अंशांवर. कंपनीचा इंटरकूलर या वाढलेल्या उष्णतेतली ७० टक्के काढून टाकतो असं धरा. इंजिनात हवा जाईल ७१ अंशांची. त्याऐवजी तगडा आफ्टरमार्केट बसवला आणि त्याने ८५ टक्के काढली, तर ५७ अंशांची. चौदा अंशांचा फरक! हवेच्या वजनात मोजला तर साधारण ४ टक्के.

वाईट नाही. पण आता तोच हिशेब मे महिन्यातल्या पहाटे पाचचा करा. बाहेर २७ अंश. कंपनीच्याच इंटरकूलरमधून हवा निघेल ५५ अंशांची. म्हणजे दुपारी तीन वाजता लाखभर रुपये मोजून जे मिळतं, ते पहाटे पाचचा गजर लावून फुकटात मिळतं, वर दोन अंश जास्तच! आणि जानेवारीतल्या १५ अंशांच्या सकाळी? ४२. म्हणजे मे महिन्यात जालन्यात जी हवा इंजिनाच्या नाकात शिरते, तेवढ्याच तापमानाची हवा थंडीत टर्बोतून भाजून निघाल्यावर मिळते. मित्राचा वाघ आणि मांजर इथेच दडलेत.

खऱ्या गाडीत मामला याहून गुंतागुंतीचा असतो. पेट्रोल इंजिनात हवा फार तापली की इंधन वेळेआधीच पेटून खडखड व्हायची भीती असते, म्हणून गाडीचा ईसीयू ठिणगीची वेळ मागे ओढतो. इंजिन वाचतं, पण ताकद जाते. ती ४ टक्क्यांपेक्षा जास्तही जाऊ शकते. डिझेलला हा खडखडीचा त्रास नाही, त्यामुळे स्टॉक डिझेल गाडीत नुसता इंटरकूलर बदलून डोळे दिपतील असं काही होत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. समृद्धीवर कारला वेगमर्यादा आहे ताशी १२० किलोमीटर. सपाट रस्त्यावर एवढ्या वेगाला मध्यम सेडानला ३० च्या आसपास हॉर्सपॉवर पुरतात. टर्बो तेव्हा अर्धा झोपलेलाच असतो. पूर्ण दाब लागतो तो ओव्हरटेकच्या पाच-सात सेकंदांत.

जाड कातडीचा की चपळ?

बाजारात मुख्य दोन जाती. ट्यूब अँड फिन म्हणजे चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या सुरकुत्या. वजनाला हलका, लवकर तापतो आणि लवकर निवतो. मागच्या रेडिएटरला वाराही बरा मिळतो. कंपन्या बहुतेक हाच देतात, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या जोडून. दाब वाढवला की याच जोडातून गळती सुरू होण्याचा धोका.

बार अँड प्लेट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पत्रे एकावर एक रचून वितळजोड केलेली वीट. मजबूत, जड. चार-पाच वेळा लागोपाठ जोरात दाबलंत तरी बरीच उष्णता अंगात मुरवून घेतो. ड्रॅग रेसला झकास. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ झाली तेव्हा तिथल्या गाड्यांना हेच तर हवं होतं, काही सेकंदांचा जाळ आणि मग आराम. पण एकदा तापला की निवायला वेळ घेतो. आमच्या वाड्यातल्या दगडी भिंतीसारखा, रात्री दहालासुद्धा धग मारतो! शिवाय जाड वीट पुढे उभी केली की मागे एसीच्या कंडेन्सरचं आणि रेडिएटरचं वारं अडतं. जालन्यात मे महिन्यात एसी मंदावलेली गाडी कितीही पळाली तरी तिच्यात बसणार कोण?

जाळी मोठी तितकी भरायला हवा जास्त, म्हणजे पाय दाबल्यावर टर्बो जागा व्हायला थोडा उशीर. आतले मार्ग अरुंद असतील तर दाबही गळतो, मग टर्बोला जास्त राबावं लागतं आणि तो हवा आणखी तापवतो. म्हणून नुसता आकार बघू नका. विकणाऱ्याला विचारा, जाळीच्या आधी आणि नंतर दाब किती पडतो? उत्तर नसेल तर पुढे चला. ‘युनिव्हर्सल फिट’ नावाचा चमकदार स्वस्त माल मला तरी याच कारणासाठी नकोसा वाटतो.

जागेचं महत्त्व

तुमचा इंटरकूलर बसलाय कुठे, हेही बघा. जालना रोडवरच्या शेंद्र्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला येताना लागणाऱ्या वसाहतीत, २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. तिथल्या पहिल्या पिढीच्या ऑक्टेव्हियाचा इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे लपलेला असायचा. छोटा, आणि वारा बेताचाच. या गाड्यांवर पुढे मधोमध मोठा इंटरकूलर बसवणं हा जगभरातल्या शौकिनांचा आवडता उद्योग होता, आणि त्यात अर्थ होता. २०१३ नंतरच्या ऑक्टेव्हियाच्या १.४ टीएसआयमध्ये हवा गार करायला पाणी वापरतात आणि कूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो. तिथे बाहेरून जाळी बदलून भागत नाही. २००९ ची पहिली फॉर्च्युनर आठवते? बॉनेटवर नाकपुडी होती. तिचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर. पळताना मजा, सिग्नलला उभं राहिलं की खालून इंजिनाची धग.

कायद्याचा ब्रेक

हे बोअरिंग आहे, पण वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना लगाम घालतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून आरसीवरची माहिती वेगळी पडेल असे बदल चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंटरकूलर हा शब्द आरसीवर कुठे नसतो, तेव्हा वाद घालता येईल. पण त्यापाठोपाठ रीमॅप केलंत आणि ताकद वाढवलीत की तो वाद लंगडा होतो. वॉरंटी असेल तर इंजिनाच्या दाव्यावर पाणी सोडायची तयारी ठेवा. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी नेमका आठवतो, तुम्हाला नाही, त्यांना!

आणि मित्राचं काय झालं?

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही दोघं नव्या जालन्यातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्याआधी मोबाइलला जोडायचा ओबीडी डोंगल लावून इनटेक हवेचं तापमान बघितलं. निवांत चालवताना बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त, ते ठीकच. दोन-तीनदा दाबल्यावर आकडा साठीच्या पुढे गेला आणि खाली यायला तयार नाही. मित्र खूश, ‘बघ! कूलर पाहिजे!’

मिस्त्रींनी बंपर उतरवला आणि हसायला लागले. जाळीच्या सुरकुत्यांत धूळ, किडे आणि कापसाचं रूत. सरकी-कापसाच्या जिल्ह्यात ट्रकमागे गाडी चालवली की ते मिळतंच. ‘साहेब, हिचं नाक चोंदलंय अन् तुम्ही नवं नाक बसवायला निघाले!’ मग त्यांनी पाइपची तोंडं बंद करून आत थोडी हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं, पंक्चरवाला ट्यूबला करतो तसं. टर्बोहून येणाऱ्या रबरी नळीला क्लॅम्पजवळ चीर होती. बुडबुडेच बुडबुडे. टर्बो बिचारा गळकी घागर भरत होता.

नळी आणि दोन क्लॅम्प बदलले. जाळी कमी प्रेशरच्या पाण्याने धुतली, कारण जोराचा फवारा मारला की सुरकुत्या आडव्या होतात. बिल चार आकड्यांत निघालं. पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात गाडी पळवली. दाबल्यावर आकडा चढला, पण मिनिटभरात उतरलाही. सगळं धुऊन-सांधूनही तो उतरलाच नसता, किंवा याने गाडी रीमॅप केलेली असती आणि ट्रॅकवर न्यायची असती, तर मी स्वतःच म्हटलं असतं, घे बाबा. ट्यूब अँड फिन घे, नाव असलेल्या कंपनीचा घे, आणि विमावाल्यांना कळव.

सोमवारी तो गजर लावून पहाटे पाचला निघाला. साडेआठच्या सुमारास, इगतपुरीला चहाला थांबल्यावर, त्याचा मेसेज आला, ‘आकडा चाळिशीत. वाघ जागा आहे. किट अजून विशलिस्टवर आहे हां, काढलेली नाही.’ आणि खाली, ‘आईचा कूलर जाम आवाज करतो गं. नवीन कुठला घेऊ?’