सिंक चालू आहे, पण बॅकअप आहे का?

आमच्या परिचयातील एका भरतकाम कारखानदारांकडे तीन कॉम्प्युटर आहेत. एक पंचिंगच्या खोलीत, जेथे डिझाईन तयार होते. दुसरा मशीनच्या शेजारी. आणि तिसरा खाली दुकानात, ज्यावर टॅलीतील हिशेब व उधारीची खाती असतात. तिन्ही एका राऊटरला जोडलेले असून डिझाईनचे फोल्डर तिन्ही ठिकाणी आपोआप सारखे ठेवणारे सॉफ्टवेअर त्यांवर बसविलेले होते. शिवाय रात्री अकरा वाजता दुकानातील कॉम्प्युटरला लावलेल्या हार्ड डिस्कवर सर्व काही उतरत असे. मालक निर्धास्त होते.

एके दिवशी मशीनशेजारच्या कॉम्प्युटरवर जागा कमी पडली म्हणून कारागिराने जुन्या सीझनचे फोल्डर पुसून टाकले. मूळ डिझाईन वरच्या खोलीत आहेतच, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. काही मिनिटांत ते फोल्डर वरूनही गेले, दुकानातूनही गेले आणि रात्री अकरानंतर हार्ड डिस्कवरूनही नाहीसे झाले. ही गोष्ट कळली ती रमजानच्या दीड महिना आधी, जेव्हा एका जुन्या ग्राहकाने गेल्या वर्षीच्याच बुट्टीची पुन्हा मागणी नोंदविली. चार ठिकाणी प्रती होत्या, उरली एकही नाही. शेवटी जुन्या कपड्याचे नमुने शोधून पंचिंग नव्याने करावे लागले.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, कोणतेही सॉफ्टवेअर बिघडले नव्हते. सिंकचे काम सर्व ठिकाणची फाईल सारखी ठेवणे हे होय. फाईल बदलली तर बदल पोहोचवायचा, पुसली तर पुसणेही पोहोचवायचे. बॅकअपचे काम नेमके याच्या उलट आहे. आज काहीही झाले तरी कालची आणि गेल्या महिन्याची स्थिती जशीच्या तशी जपून ठेवणे हे त्याचे काम. आपले अनेक व्यापारी बांधव पहिले बसवून घेतात आणि दुसरे झाले असे समजतात.

ही चूक केवळ लहान दुकानदारांची नाही. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना चुकीच्या एका कमांडमुळे चित्रपटाच्या बहुतेक फाईल पुसल्या गेल्या, आणि बॅकअप काढून पाहिला तर तोही नीट चालत नव्हता. घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती, तिच्यावर काम निभावले. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरील डेटा पुसला. त्यांच्याकडे बॅकअपचे अनेक मार्ग होते. पण रोजचा बॅकअप कित्येक दिवस निघतच नव्हता, आणि तो निघत नसल्याचे सांगणारे ई-मेलही वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी सहज काढलेली एक प्रत होती म्हणून कंपनी वाचली. त्या सहा तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच.

आता रोजच्या अडचणींकडे वळू. सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी की, 'रोज रात्री सगळ्याच फाईल पुन्हा कॉपी होतात, सकाळपर्यंत काम संपत नाही.' कॉपी करणारा प्रोग्राम फाईल बदलली की नाही हे बहुधा तिचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहून ठरवितो. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर ही वेळ अतिशय बारीक मोजली जाते, तर पेन ड्राईव्हवर असणाऱ्या फॅट-३२ पद्धतीत ती दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी लिहिली जाते. साहजिकच दोन्हीकडची वेळ एक-दोन सेकंदांनी वेगळी दिसते आणि न बदललेली फाईलही 'बदललेली' ठरते. विंडोजमधील रोबोकॉपीला 'एफएफटी' हा स्विच दिला की ती दोन सेकंदांचा फरक सोडून देते. आरसिंकमध्ये यासाठी 'मॉडिफाय विंडो' आहे. बॅकअपची हार्ड डिस्क नवीनच घेतली असेल तर ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घेणे अधिक सोपे. फॅट-३२ वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाईल मावतही नाही, आणि बॅकअप अर्धवट राहण्याचे तेही एक कारण असते.

दुसरी अडचण घड्याळाची. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर बटणासारखा एक सेल असतो. तो संपला की कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. अशा कॉम्प्युटरवर आज दुरुस्त केलेले डिझाईन सिंकच्या दृष्टीने जुने ठरते, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरील खरोखर जुनी फाईल 'नवीन' म्हणून त्यावर बसते. आपण केलेली दुरुस्ती गायब होते आणि दोष कारागिराला दिला जातो. कारागिराला बोलण्याआधी प्रत्येक कॉम्प्युटरची तारीख पाहावी, सेल बदलावा आणि इंटरनेटवरून वेळ जुळविण्याची सोय चालू ठेवावी.

एकच फाईल दोघांनी एकाच वेळी बदलली तर बरी सॉफ्टवेअर दोन्ही ठेवतात. सिंकथिंग अशा वेळी एका प्रतीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असे शब्द घालते. ही फाईल कचरा समजून पुसू नये. आधी उघडून कोणती बरोबर आहे ते पाहावे. वरचेवर अशा फाईल तयार होत असतील तर दोष कामाच्या वाटणीत आहे. डिझाईन बदलण्याचा अधिकार पंचिंगच्या खोलीलाच असावा आणि मशीनकडचा कॉम्प्युटर फक्त घेणारा असावा. सिंकथिंगमध्ये फोल्डर 'फक्त पाठविणारे' किंवा 'फक्त घेणारे' ठरविता येते. वर सांगितलेल्या कारखान्यात एवढे केलेले असते तर मशीनजवळ पुसलेले फोल्डर तेथेच पुसले गेले असते, वर पोहोचले नसते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये जुन्या आवृत्त्या जपण्याचीही सोय आहे, परंतु ती आपण चालू करावी लागते. हे सांगायला बसवून देणारे बहुतेक विसरतात.

टॅलीचा डेटा मात्र सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हिशेबाच्या अनेक फाईल एकमेकींवर अवलंबून असतात. मुनीम व्हाऊचर भरत असताना त्यांतील काही आधीच्या आणि काही नंतरच्या अशा कॉपी झाल्या तर ती प्रत उघडेलच याचा भरवसा नाही. टॅलीमध्येच बॅकअपची सोय आहे, तिने काढलेली फाईल दुसरीकडे न्यावी. आणि तेही सर्वजण टॅलीतून बाहेर पडल्यावर. ज्यांची दुकाने शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी तासभर बंद असतात, त्यांना आठवड्याच्या बॅकअपसाठी याहून चांगली वेळ शोधावी लागणार नाही.

रोबोकॉपी वापरणाऱ्यांनी तिच्या तीन सवयी जाणून घ्याव्यात. एखादी फाईल उघडी असल्याने कॉपी होत नसेल तर ती ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि असे किती वेळा? आपण काही सांगितले नाही तर दहा लाख वेळा. एका उघड्या फाईलपायी रात्रभर काम अडून बसते ते यामुळेच. 'आर' स्विचला २ आणि 'डब्ल्यू' स्विचला ५ दिले की ती दोन प्रयत्न करून पुढे जाते. दुसरे, काम संपल्यावर ती १ हा आकडा देते. तो पाहून पुष्कळ जण घाबरतात, पण त्याचा अर्थ फाईल व्यवस्थित कॉपी झाल्या असाच आहे. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर मात्र काहीतरी राहिले असे समजावे. तिसरी सवय धोक्याची आहे. 'एमआयआर' स्विच दिल्यास मूळ ठिकाणी जे नाही ते ती प्रतीतूनही पुसते. मूळ फोल्डर चुकून रिकामे झाले असेल तर प्रतही रिकामी होते. आरसिंकच्या 'डिलीट'चेही तसेच. प्रथम रोबोकॉपीला 'एल' आणि आरसिंकला 'ड्राय रन' देऊन काय पुसले जाणार आहे त्याची यादी पाहावी, मगच खरे काम चालवावे.

वेगाबाबत थोडेसे. वायफायवर मोठा बॅकअप घेऊ नये, वायर लावावी. वायर असूनही काम रेंगाळत असेल तर जोडणी १०० एमबीपीएसवर चालली आहे की १००० वर, ते विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पाहावे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० ला दोन पुरतात, १००० ला चारही लागतात. त्यामुळे क्लिपमध्ये एखादी तार सुटली की जोडणी चालू राहते, पण वेग दहावा हिस्सा होतो. ४० जीबी डेटाला १०० वर साधारण तास लागतो, १००० वर सहा-सात मिनिटांत काम होऊ शकते. डिझाईनच्या फाईल मात्र काही केबीच्याच पण हजारोंनी असतात, तेथे वेळ प्रत्येक फाईल उघडण्या-मिटण्यात जातो. रोबोकॉपीचा 'एमटी' स्विच अनेक फाईल एकदम हाती घेतो. आरसिंक १९९६ साली ॲन्ड्रयू ट्रिजेल आणि पॉल मॅकरस यांनी आणले. मोठ्या फाईलचा फक्त बदललेला भाग पाठविणे ही त्याची खासियत, पण त्यासाठी दोन्ही कॉम्प्युटरवर आरसिंक चालू हवे. नुसत्या शेअर केलेल्या ड्राईव्हवर कॉपी केल्यास ते पूर्ण फाईलच पाठविते.

हार्ड डिस्क कायम लावून ठेवण्याचा आणखी एक धोका आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस एका कॉम्प्युटरवरून नेटवर्कमधील दुसऱ्यावर स्वतःच पसरला आणि जगभरात फाईल कुलूपबंद करून पैसे मागितले गेले. अशा व्हायरसला जे ड्राईव्ह दिसतात ते सर्व तो कुलूपबंद करतो, मग त्यात बॅकअपची डिस्कही आली. म्हणून दोन डिस्क घ्याव्यात. एक या आठवड्यात लावावी, दुसरी घरी न्यावी. पुढील आठवड्यात अदलाबदल. दुकानात आग लागली किंवा पावसाळ्यात पाणी शिरले तरी घरची डिस्क सुरक्षित राहील. डिस्कवर दर वेळी तारखेचे नवे फोल्डर करावे, जुने लगेच पुसू नये.

किती काळ जपावे? जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२३-२४ या वर्षासाठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाचा डेटा ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवा. कारखान्याच्या डिझाईनला अशी मुदत नाही, ग्राहक दहा वर्षांनीही तीच बुट्टी मागू शकतो.

आणि महिन्यातून एकदा बॅकअपची डिस्क दुसऱ्याच एखाद्या कॉम्प्युटरला लावावी. गेल्या महिन्यातील कोणतेही एक डिझाईन काढून मशीनवर चालवून पाहावे, टॅलीचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करून एका ग्राहकाच्या उधारीची बाकी चालू खात्याशी ताडून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे. पहिल्या वेळी मुनीम आणि पंचिंग करणारा कारागीर, दोघांनाही शेजारी बसवावे, म्हणजे पुढच्या वेळी मालकाने बसण्याची गरज उरणार नाही.