दुःखातील आधार

खजुरीच्या परिसरातील आम्हां मराठी कुटुंबांना गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे नित्याचे येण्याजाण्याचे गाव. तेथे १९१३ च्या सुमारास पंडिता रमाबाईंनी शाळा काढून तिचा भार आपली कन्या मनोरमाबाई हिच्यावर सोपविला होता, हे आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. १८८० मध्ये बंधू व १८८२ मध्ये पती निवर्तले. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु श्रद्धेमुळे दुःख टळले नाही. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मनोरमाही गेली.

ज्या प्रभूने स्वतः वधस्तंभावर यातना सोसल्या, तो आपल्या शोकाला परका नाही, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा होय. त्याच बळावर रमाबाई केडगावच्या मुक्तिसदनात बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या. ते हातावेगळे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

सांत्वन म्हणजे शोकाचा विसर नव्हे. शोक उरी असतानाही हाती घेतलेले काम पुरे करण्याचे बळ, असे आम्हांस वाटते. ज्या घरातून नुकतेच कोणी गेले आहे, त्या घराला याहून खरे आम्ही काय सांगावे?