रात्रीत बदललेली गाडी

मोबाइल अपडेट झाला की फार तर आयकॉन इकडचे तिकडे होतात. पण सकाळी ऑफिसला निघालात आणि तुमची गाडीच वेगळी वागायला लागली तर? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या तीन इलेक्ट्रिक गाडीवाल्यांशी मारलेल्या गप्पा...

"आज हिच्यात नवीन काही घातलंय का रे?"

गाडीत बसण्याआधी माझी मावशी हल्ली हा प्रश्न विचारते. दार उघडं, एक पाय आत, एक बाहेर. दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, "नाही गं आई, कालचीच आहे," म्हणाला की मगच दुसरा पाय आत! मावशीला सॉफ्टवेअर म्हणजे काय ते विचारलंत तर सांगता येणार नाही. पण या स्टोरीसाठी मी जेवढ्या लोकांशी बोलले, त्या सगळ्यांत मुद्द्याचा प्रश्न तिचाच निघाला.

तर झालं असं. दादा राहतो बदलापूरला, कात्रपमध्ये. ऑफिस ऐरोलीला. दहा वर्षं बदलापूर लोकलच्या दारात लटकून झाल्यावर त्याने गेल्या वर्षी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. नुसती इलेक्ट्रिक नाही, तर थोडंफार स्वतःचं स्वतः चालणारी. हायवेवर पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी, पट्ट्यांच्या मधोमध राहणारी, अगदीच वेळ आली तर स्वतः ब्रेक मारणारी. शोरूमच्या भाषेत 'ॲडास लेव्हल टू'.

एका रात्री अकरा वाजता त्याच्या मोबाइलवर मेसेज आला. नवीन अपडेट तयार आहे, इन्स्टॉल करू? दादाने 'हो' दाबलं आणि झोपला. सकाळी स्क्रीनवर मॅप मोठा झाला होता, रंग बदलले होते. काय काय बदललं याची माहिती होती एका ओळीत: काही त्रुटी दूर केल्या, कामगिरी सुधारली. बस्स! दादा खूश. फुकटात नवी गाडी मिळाल्यासारखं वाटलं, म्हणाला.

त्याच संध्याकाळी वहिनी आणि मावशीला घेऊन तो काटई रस्त्याने परत येत होता. नेवाळी नाक्याच्या अलीकडे डावीकडून एक टेम्पो आत घुसला. आपल्याकडे टेम्पो घुसतातच, त्यात नवीन काही नाही. नवीन होतं ते पुढचं. "इतके महिने टेम्पो दिसला की गाडी आधीच हळू व्हायची," दादा सांगतो. "माझा पाय तेवढ्यापुरता आळशी झाला होता. त्या दिवशी मी वाट बघत बसलो, आता करेल, आता करेल... आणि ही ओरडली, ब्रेक!"

दोघांनी एकदमच ब्रेक मारला, दादाने आणि गाडीने. टेम्पोचं मागचं फळकुट दीड हातावर. मागे बसलेल्या मावशीचं मनगट पुढच्या सीटवर आपटून सुजलं. बाकी कुणाला काही झालं नाही. घरी येऊन दादाने मेन्यू उघडून पाहिला, तर पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं हे सेटिंग त्याने 'सगळ्यात लांब'वर ठेवलं होतं. अपडेटनंतर ते मधल्या आकड्यावर आलं होतं. गाडी बिघडली नव्हती. ती फक्त कालची गाडी राहिली नव्हती.

लेव्हल टू म्हणजे काय रे भाऊ?

आधी थोडा अभ्यास. घाबरू नका, एकच पॅरा आहे! गाडी किती 'स्वतः' चालते याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. पाच म्हणजे तुम्ही मागे झोपा, गाडी नेईल तिथे. तशी गाडी जगात कुठेही विकत मिळत नाही. दोन म्हणजे स्टिअरिंग आणि वेग दोन्हींना गाडी मदत करते, पण डोळे रस्त्यावर तुमचे, हात स्टिअरिंगवर तुमचा आणि जबाबदारीही शंभर टक्के तुमचीच. काचेमागचा कॅमेरा पांढरे पट्टे, माणसं, गाड्या बघतो. पुढचा रडार समोरचं वाहन किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतंय ते मोजतो. या दोघांचं ऐकून ब्रेक कधी मारायचा हे ठरवतं सॉफ्टवेअर. आणि सॉफ्टवेअर बदलता येतं, तेही गॅरेजमध्ये न जाता.

आपल्याकडे २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ने ही चैन मध्यमवर्गाच्या टप्प्यात आणली. मग इलेक्ट्रिकमध्ये एमजीची झेडएस ईव्ही, ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक, चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, टाटांची हॅरियर ईव्ही अशी रांगच लागली. जुलै २०२५ मध्ये टेस्लानेही बीकेसीत शोरूम थाटलं. मी ज्या तिघांशी बोलले त्यांच्या गाड्या कोणत्या, ते मात्र इथे लिहीत नाही. कारण हा प्रश्न कुठल्या एका कंपनीचा नाहीच.

'लेन कुठेय यार इथे?'

माझी कॉलेजातली एक मैत्रीण उल्हासनगरला राहते, कॅम्प चारमध्ये. सिंधी घर, स्वतः सीए, आणि मराठी माझ्यापेक्षा झणझणीत. तिच्या गाडीबद्दल विचारलं तर आधी हसत सुटली. "अगं, लेन सोडली की गाडी टुकटुक करते. पण उल्हासनगरमध्ये लेन कुठेय यार? सेक्शन सतरापासून श्रीराम चौकापर्यंत ही बाई वर्गातल्या मॉनिटरसारखी नुसती माझी नावं लिहीत बसायची!"

तिची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे लेनची सूचना बंद केली तरी गाडी पुन्हा सुरू केली की ती पुन्हा चालू. रोज सकाळी तीन मेन्यू उघडायचे, मगच निघायचं. एका अपडेटमध्ये कंपनीने त्यासाठी स्टिअरिंगवर एक बटण वापरायची सोय दिली. एकदा दाबलं की काम झालं. "त्या एका बटणासाठी मी कंपनीला पार्टी द्यायला तयार आहे," ती म्हणाली.

पण त्याच अपडेटने आणखी एक गोष्ट केली. आधी आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातून रिक्षा आली की आवाज यायचा. दिवसातून शंभरदा यायचा, म्हणून ती वैतागायची. अपडेटनंतर आवाज गेला, आरशावर फक्त नारिंगी दिवा राहिला. पहिल्याच आठवड्यात श्रीराम चौकात तिने गाडी डावीकडे घेतली आणि रिक्षा घासून गेली. नुकसान किरकोळ, पण रिक्षात शाळेची मुलं होती. "आवाज नाही म्हणजे कुणी नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं," हे सांगताना ती हसत नव्हती. "ज्या आवाजाला मी रोज शिव्या घालायचे, त्याच्यावरच मी चालवत होते. मला कळलंसुद्धा नव्हतं."

अंबरनाथची डायरी

अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० चं. साडेनऊशेहून जास्त वर्षं झाली, एकही अपडेट नाही आणि अजून उभं आहे! हा जोक माझा नाही, तिथल्या एमआयडीसीत क्वालिटी सांभाळणाऱ्या एका इंजिनियर साहेबांचा आहे. माझे तिसरे गाडीवाले तेच. त्यांच्या डॅशबोर्डमध्ये चक्क एक दोनशे पानी वही असते. अपडेट आला की तारीख लिहायची आणि अंबरनाथ ते बदलापूर तोच रस्ता, त्याच वेळी, दोनदा चालवायचा. काय बदललं ते वहीत.

त्या वहीत मजेशीर नोंदी आहेत. ट्रकच्या पाठीवर वेगमर्यादेचं '४०' असं गोल स्टिकर असतं ना? गाडी ते रस्त्यावरची पाटी समजून स्क्रीनवर चाळीस दाखवायची. एका अपडेटनंतर हे कमी झालं. दुसऱ्या एका अपडेटनंतर फुल चार्जवर दिसणारी रेंज अचानक घटली. बॅटरी गेली म्हणून साहेबांची झोप उडाली. मग वहीतले जुने आकडे लावून बघितले, तर गाडी पूर्वीइतकीच धावत होती. आधी स्क्रीन जरा जास्तच आशावादी होती, आता खरं बोलायला लागली होती, इतकंच. रेंजचा आकडा हा अंदाज असतो, टाकीतलं पेट्रोल नव्हे.

मी त्यांना दादाचा किस्सा सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या मशीनवर सुरक्षेचा सेन्सर असतो. तो फार हळवा ठेवला तर लाइन सारखी बंद पडते. फार निबर ठेवला तर कुणाचा तरी हात जातो. गाडीचंही तेच. उगाच ब्रेक मारला तर मागचा येऊन धडकतो, उशिरा मारला तर तुम्ही पुढच्यावर. कंपन्या दर अपडेटला तो काटा इकडेतिकडे करणारच. करायलाच हवा. पण आमच्याकडे सेटिंग बदललं की पुढच्या शिफ्टच्या ऑपरेटरला ते लिहून देतात आणि त्याची सही घेतात. इथे ऑपरेटर तुम्ही. तुमची सही कुणी घेतली?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दादाने रात्री अकरा वाजता झोपेत दाबलेलं 'हो', हीच ती सही होती!

जगात काय चाललंय?

ही सगळी भानगड सुरू झाली ऑक्टोबर २०१५ मध्ये. अमेरिकेत टेस्लाने एका अपडेटने आधीच विकलेल्या मॉडेल एस गाड्यांना स्वतः स्टिअरिंग सांभाळायला शिकवलं. पुढे २०१८ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाला टेस्ला मॉडेल ३ चे ब्रेक कमी पडताना दिसले. ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीला १५२ फूट लागत होते. कंपनीने काही दिवसांत अपडेट पाठवला आणि ते अंतर १३३ फुटांवर आलं. १९ फूट, तेही घरबसल्या! म्हणजे अपडेट वाईट असतात असं मुळीच नाही. नेवाळी नाक्यावर १९ फुटांत अख्खी रिक्षा मावते.

दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाला अमेरिकेतल्या २० लाखांहून जास्त गाड्या 'रिकॉल' कराव्या लागल्या. कारण? गाडी चालवताना माणसाचं लक्ष रस्त्यावर आहे की नाही, यावर गाडी पुरेशी नजर ठेवत नव्हती. उपाय पुन्हा तोच, अपडेट.

आणि साहेबांच्या 'सही'चं म्हणाल तर तीही कुणाला तरी सुचली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांच्या मंचाने २०२० मध्ये फक्त सॉफ्टवेअर अपडेटसाठी १५६ क्रमांकाचा नियम मंजूर केला. अपडेट कशासाठी आहे, गाडीच्या वागण्यात काय बदलेल, किती वेळ लागेल, हे गाडीवाल्याला आधी कळलं पाहिजे असं त्यात आहे. आपल्याकडेही त्याच धर्तीवर एआयएस-१९० या मानकाचा मसुदा तयार झाला. 'काही त्रुटी दूर केल्या' ही एक ओळ त्यात कशी बसेल, हे कंपन्यांनीच सांगावं. आपली मागणी साधी आहे. ब्रेक, अंतर आणि आवाज या तीन गोष्टींना हात लावला असेल तर तेवढं ठळक अक्षरांत सांगा. जमलं तर मराठीत!

चौकट: अपडेट आला? आधी एवढं करा

- आधी तुमच्या सगळ्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढा. अपडेटनंतर एकेक ताडून पाहा.
- इन्स्टॉल होताना बहुतेक गाड्या जागच्या हलत नाहीत. सकाळी ऑफिसला निघताना 'हो' दाबू नका. आणि तळमजल्याच्या पार्किंगमध्ये नेटवर्क आहे ना, ते आधी बघा.
- पहिला आठवडा गाडी शिकाऊ समजा. आणि स्वतःलाही! ओळखीच्या, रिकाम्या रस्त्यावर एकट्याने चालवून बघा.
- आवाज कमी झाले म्हणजे धोका कमी झाला असं नाही. मान वळवून बघायची सवय सोडू नका.
- घरात दुसरं कुणी तीच गाडी चालवत असेल तर त्यांना सांगा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

दादाने आता नियम केला आहे. अपडेट फक्त शनिवारी रात्री, आणि रविवारी सकाळी बारवी धरणाच्या रस्त्याला एकट्याने चक्कर. सोमवारी ऑफिस. वहिनीने फ्रिजवर कागद लावलाय, त्यावर अपडेटची तारीख आणि काय बदललं ते. एमआयडीसीतल्या साहेबांना मी तो फोटो पाठवला, तर त्यांनी उलट विचारलं, "सही कुठेय?"

बदलापूर हे नाव कसं पडलं, याची एक गोष्ट गावात सांगतात. शिवाजी महाराजांच्या काळात इथे घोडे बदलले जायचे, म्हणून बदलापूर. खरं-खोटं इतिहासवाले बघतील. पण एक आहे, तेव्हाच्या स्वाराला खाली बघितलं की कळत असणार की घोडा नवा आहे. रंग वेगळा, चाल वेगळी. तो लगाम जपूनच धरणार. आपला घोडा मात्र रात्रीत बदलतो, आणि सकाळी नंबर प्लेट तीच, रंग तोच, सीटवर पडलेला चहाचा डागही तोच.

म्हणूनच मावशी दारात एक पाय बाहेर ठेवून विचारते. परवा मी तिच्यासोबत स्टेशनपर्यंत गेले. तिने विचारलं, दादाने "नाही गं आई" म्हटलं. ती बसली, पट्टा लावला आणि हळूच मला म्हणाली, "याचं काय खरं नाही. तू तो फ्रिजवरचा कागद बघितलास ना?"