दूरचा माणूस सभासद व्हावा

लातूरचा विद्यार्थी प्रवेशपरीक्षेचा अर्ज संगणकावरून भरतो, नांदेडचा कारकून पगारपत्रके मुख्यालयाकडे पाठवितो, आणि खेड्यातला दुकानदार मोबाइलवरून पैसे स्वीकारतो. अशा व्यवहारांच्या तळाशी जे सॉफ्टवेअर काम करीत असते, त्यातील पुष्कळसे कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसते. जगभर विखुरलेल्या माणसांनी ते लिहिलेले असते. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते. लायनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली लिनक्स प्रणाली हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक एकूण एक याच प्रणालीवर चालत आले आहेत. रस्ता, कालवा, वीजवाहिनी यांना ज्या अर्थाने पायाभूत म्हणतात, त्याच अर्थाने हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरही पायाभूत होय.

या सॉफ्टवेअरची माणसे अधूनमधून एकत्र जमतात. अलीकडे हे मेळावे दुहेरी पद्धतीने भरतात: काही जण सभागृहात, तर काही आपापल्या गावी पडद्यासमोर. वरवर पाहता ही केवळ सोयीची बाब वाटेल. वस्तुतः सार्वजनिक संपत्तीच्या देखभालीत कोणाला स्थान मिळणार, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे. आणि मराठवाड्याला तो अपरिचित नाही.

देखभालीचे अर्थकारण

रस्ता बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. खड्डे बुजविणाऱ्याचे कोठेच नसते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची गत हीच आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या ‘ओपन एसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये तो होता. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती, त्या कामाला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलरच देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता, हे तेव्हा कळले. लाभ सर्वांचा, खर्च कोणाचाच नाही, अशी ही स्थिती. अर्थशास्त्रात ज्याला फुकट्या प्रवाशाचा प्रश्न म्हणतात, तो याहून ठळकपणे क्वचितच दिसेल.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली या संपत्तीचे मोल काढण्याचा प्रयत्न केला. ती नसती तर वापरणाऱ्यांना स्वतः उभारावी लागली असती, या हिशेबाने तिचे मूल्य सुमारे ८.८ लाख कोटी डॉलर भरते, असा त्यांचा अंदाज आहे. त्याहून विचार करायला लावणारा निष्कर्ष पुढचा आहे: या मूल्याचा ९६ टक्के भाग अवघ्या ५ टक्के लिहिणाऱ्यांनी निर्माण केला आहे. एवढी अफाट मालमत्ता एवढ्या थोड्या खांद्यांवर असावी, हे कोणत्याही हिशेबाने धोक्याचे होय.

सामाईक मालमत्ता एकतर सरकारने राखावी किंवा खाजगी मालकाला द्यावी, तिसरा मार्ग नाही, असे पूर्वी मानले जाई. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हा समज खोडून काढला, आणि त्या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्राला त्यासाठी परदेशी दाखल्याची गरज नव्हती. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर चालत आलेल्या फड पद्धतीत शेतकरीच पाण्याचे वाटप ठरवीत, पाटकरी नेमीत आणि पाट साफ करण्यासाठी एकत्र जमत. नियम करणारे आणि नियम पाळणारे एकच होते, म्हणून ती व्यवस्था टिकली. जो पाणी घेतो त्याला पाटाच्या बैठकीतही जागा, हे तिचे मर्म होते.

भेटीची गरज

पण जे काम तारांवरून चालते, त्यासाठी माणसांनी एकत्र जमावेच का? याचे उत्तर मार्च २०२४ मध्ये मिळाले. ‘एक्सझेड’ हे माहिती आटोपशीर करून साठविणारे छोटेसे सॉफ्टवेअर. ते सांभाळणारा गृहस्थ एकटा होता आणि थकलेला होता. मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीने दोनअडीच वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास संपादन केला आणि मग त्यात चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरताना अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला आणि त्याने माग काढला, म्हणून मोठा अनर्थ टळला. मदतनीस म्हणून आलेला तो इसम खरा कोण, हे मात्र गूढच राहिले.

‘डेबियन’ या प्रकल्पातील मंडळी वार्षिक मेळाव्यात एकमेकांची ओळखपत्रे तपासून एकमेकांच्या डिजिटल सहीची खातरजमा करतात. बाहेरच्याला हा विधी मौजेचा वाटेल. पण सामाईक तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती, त्यांनी परस्परांना ओळखणे ही चैन नव्हे. हा मेळावा सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे भरला होता. त्याला प्रवेशशुल्क नसते, गरजूंना प्रवासखर्चासाठी साहाय्य मिळते, आणि भाषणे जगभर पाहता यावीत याची व्यवस्था स्वयंसेवकच करतात.

दुसरे उदाहरण ‘ओपनस्टॅक’चे. मोठमोठी संगणककेंद्रे चालविणारे हे सॉफ्टवेअर रॅकस्पेस ही कंपनी आणि नासा ही अमेरिकन अंतराळसंस्था यांनी २०१० साली पुढे आणले. संहिता खुली, आराखडा खुला, बांधणी खुली आणि समाजही खुला, अशी चार तत्त्वे या प्रकल्पाने स्वीकारली. सहामाही आवृत्तीत काय यावे हे ठरविण्यासाठी त्याचे गट २०१७ पासून प्रत्यक्ष जमू लागले. २०२० च्या महामारीत त्याच बैठका पडद्यावर गेल्या. चर्चेची टिपणे सर्वांना एकाच वेळी लिहिता येतील अशा सामाईक पानावर घेण्याची पद्धत त्यांच्यात रुळली होती, म्हणून हे स्थलांतर निभावले. ज्या सभेचे इतिवृत्त सभा चालू असतानाच सर्वांसमोर असते, तिच्यात दूरच्याला अंधारात ठेवणे कठीण जाते.

प्रेक्षक की सभासद?

दुहेरी मेळाव्याचा धोका येथेच आहे. सभागृहात कॅमेरा लावला की दूरची मंडळी सामील झाली, असे संयोजक समजतात. प्रत्यक्षात निर्णय चहाच्या टपरीवर होतात, प्रश्न ध्वनिक्षेपकाविना विचारले जातात, आणि पडद्यापलीकडच्याला केवळ माना डोलताना दिसतात. त्याला दर्शन घडते, मत मिळत नाही. आणखी एका श्रोत्याला जोडण्याचा खर्च जवळपास शून्य असतो, हे खरे. परंतु आणखी एकाचे ऐकून घेण्याचा खर्च शून्य नसतो. त्यासाठी वेळ, शिस्त आणि माणूस राखून ठेवावा लागतो.

हे जमू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने मुंबईच्या आयआयटीने दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम राबविला. केंद्र सरकारच्या २००९ सालच्या शैक्षणिक तंत्रज्ञान मोहिमेतून त्याला पाठबळ मिळाले. व्याख्याने मुंबईहून थेट प्रक्षेपित होत. पण शिक्षक घरी एकेकटे बसत नसत. ते जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील केंद्रावर जमत, तेथेच प्रात्यक्षिके करीत, आणि त्या केंद्राचा समन्वयक आधी मुंबईत तयार झालेला असे. याच संस्थेतील प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. दूरचा जर दुसऱ्या दूरच्यांसोबत एका खोलीत बसला, त्याची भाषा बोलणारा जाणता माणूस त्या खोलीत असला, तर अंतर पुष्कळसे ओसरते, हा या दोन्ही उपक्रमांचा धडा आहे.

दोन गावे, एक सभा

असा मेळावा नांदेड आणि लातूर येथे एकाच वेळी का भरू नये? विष्णुपुरीला १९८१ पासूनचे श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जवळच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. विद्यापीठाचे उपकेंद्र लातूरला असून पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनही तेथे आहे. रेल्वेने एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे तर पूर्णा, परभणी, परळी असा वळसा पडतो. तारेला तो पडत नाही.

या दोन गावांतील चुरसही सर्वज्ञात आहे. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून २००९ साली केवढे वादळ उठले! म्हणूनच मुख्य सभागृह एकाचे आणि दुय्यम दुसऱ्याचे, अशी मांडणी येथे चालणार नाही, आणि ते बरेच आहे. अर्धी भाषणे एका व्यासपीठावरून, अर्धी दुसऱ्यावरून व्हावीत. अध्यक्षस्थान आलटूनपालटून जावे. प्रत्येक प्रश्नाला पहिली संधी समोरच्या नव्हे तर पलीकडच्या श्रोत्याला मिळावी, आणि किनवट-उदगीरहून घरबसल्या जोडल्या गेलेल्यांचे म्हणणे मांडण्यासाठी दोन्ही ठिकाणी एकेक माणूस नेमावा. पैसा आधी उत्तम ध्वनिक्षेपकावर खर्चावा, नंतर कॅमेऱ्यावर. चित्र अडखळले तर चालते, आवाज अडखळला की सभा संपते. इंटरनेटच्या जोडण्या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या असाव्यात आणि विजेची पर्यायी सोय हाताशी असावी. टिपणे मराठीत, सर्वांसमोर लिहिली जावीत आणि जमाखर्च आठवड्यात प्रसिद्ध व्हावा. सभेसाठी जित्सी किंवा बिगब्लूबटन यांसारखे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच वापरावे. खादीचा प्रचार विलायती कापडात करू नये.

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे हे चोचले कशाला, असा आक्षेप येईल. तो अप्रामाणिक नाही. परंतु ‘लातूर पॅटर्न’ने गुणवंत घडविले आणि त्यांतील बहुतेक पुण्या-मुंबईच्या गाडीत बसले, हेही तितकेच खरे. मुक्तस्रोत कामात चिठ्ठी, ओळख वा वशिला लागत नाही. केलेली दुरुस्ती कर्त्याच्या नावासह जगासमोर राहते. परीक्षेच्या गुणपत्रिकेपेक्षा हा दाखला अधिक बोलका असतो. शिवाय काम केवळ संगणक अभियंत्यांचे नाही. सूचना सोप्या मराठीत आणणे, मार्गदर्शिकेतील चुका काढणे, वापरताना आलेली अडचण नेमकी लिहून कळविणे, हे शिक्षक आणि कारकून अधिक चोख करू शकतात. आजच्या यशाचे माप उपस्थितांच्या संख्येत न धरता, सहा महिन्यांनी यांपैकी किती जण काम करीत उरले, यात धरले पाहिजे.

मराठवाड्याने आजवर अनेक सभांतले मागचे बाक पाहिले आहेत. निर्णय दूर कोठेतरी होतो, येथे त्याची प्रत पोचते, आणि मग अन्यायाची गाऱ्हाणी सुरू होतात. त्यांत तथ्य नाही असे कोण म्हणेल? पण येथे एक सभा अशी आहे की जिचे दार उघडे आहे, जिला माणसांची निकड आहे, आणि जिथे आसन मागावे लागत नाही, काम करून घ्यावे लागते. अशा सभेतही मराठवाडा केवळ प्रेक्षक राहिला, तर त्याचा दोष मुंबईवर ढकलता येणार नाही.