बुडबुड्यांची परीक्षा

घरी चायना ग्रासची जेली केली असेल, तर ही वस्तू ओळखीची वाटेल. पारदर्शक जेलीचे दोन थर आणि मधोमध एक पातळ लाल पापुद्रा. फक्त तो लाल रंग खाण्याचा नाही, रक्तातल्या तांबड्या पेशींचा आहे. ही वडी पाण्याच्या टाकीत वाडग्याच्या आकाराच्या एका यंत्रासमोर धरतात. यंत्र सुरू झालं की लाल पापुद्र्यात एक ठिपका फिकट होऊ लागतो आणि बघता बघता तिथून आरपार दिसायला लागतं. पेशी फुटल्या, रंग गेला. कुठपर्यंत फुटल्या हे मोजायला पट्टी पुरते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 साली ही युक्ती मांडली. कोट्यवधींच्या यंत्राची परीक्षा जेलीच्या वडीवर घेणं मला फार आवडलं.

यंत्र हिस्टोट्रिप्सीचं. मूतखडा फोडणारी लिथोट्रिप्सी आपल्याला ऐकून माहीत असते. तिथे ‘लिथो’ म्हणजे दगड, इथे ‘हिस्टो’ म्हणजे ऊती. दगड ठिसूळ असतो, धक्क्यानं तडकतो. मऊ मांस आवाजानं कसं फोडणार?

जुना मार्ग उष्णतेचा. भिंगानं ऊन एका जागी आणून कागद जाळावा, तशा ध्वनिलहरी एकवटून ऊती भाजायच्या. अमेरिकेत 1942 पासून हे प्रयोग चालू आहेत. पण शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल, तर वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि गाठीची कड कच्ची राहते.

मिशिगनमध्ये चार्ल्स केन यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या झेन शू यांना भाजायचं नव्हतं, फोडायचं होतं. डुकराच्या हृदयाच्या तुकड्यांवर प्रयोग चालत. यंत्राच्या आवाजानं प्रयोगशाळेतले सहकारी वैतागले. त्यांना त्रास नको म्हणून शूंनी दर सेकंदाच्या स्पंदांची संख्या इतकी वाढवली, की तो आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येईना. त्यामुळे शांतता तर झालीच, शिवाय मांसाला चक्क भोक पडलं!

भोक पाडतात बुडबुडे. प्रत्येक स्पंद काही मायक्रोसेकंदांचा, आणि दोन स्पंदांमधली विश्रांती त्याच्या शेकडो पट. त्यामुळे तापायला वेळच मिळत नाही. पण त्या क्षणी ऊती विलक्षण जोरानं ताणली जाते. हा ताण साधारण 28 मेगापास्कलच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 280 पटींच्या पुढे गेला, की सूक्ष्म बुडबुड्यांचा ढग उठतो, फुगतो आणि कोसळतो. जहाजाच्या पंख्याचा धातू कुरतडणारे बुडबुडे याच जातीचे. पेशींचा लगदा होतो. रक्तवाहिन्यांच्या आणि पित्तनलिकांच्या चिवट भिंती मात्र बऱ्याचदा टिकतात. ढग सोनोग्राफीच्या पडद्यावर चमकताना दिसतो, त्यामुळे घाव कुठे पडतोय ते डॉक्टरांना त्याच वेळी कळतं.

चाचणीतली खरी गंमत दाब मोजण्यात आहे. मोजणारा हायड्रोफोन केंद्रबिंदूवर ठेवला, तर बुडबुडे त्यालाच खातात. म्हणून काचतंतूचा हायड्रोफोन वापरतात, ज्याचं टोक तुटलं तर छाटून पुन्हा घेता येतं. टाकीतल्या पाण्यातली विरघळलेली हवाही आधी काढून टाकावी लागते, नाहीतर भलत्याच जागी बुडबुडे उठतात.

पण जेली श्वास घेत नाही. तिला बरगड्या नसतात, आतड्यातला वायू नसतो. माणसाचं यकृत प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली सरकतं. म्हणून रुग्णाला पूर्ण भूल देतात आणि पोटावर पाण्याची पिशवी ठेवून तिच्यातून लहरी सोडतात.

यकृताच्या गाठींवरची पहिली मानवी चाचणी बार्सिलोनात झाली, रुग्ण 8. मग अमेरिका आणि युरोपात 44 रुग्णांवर ‘होप फॉर लिव्हर’ झाली, 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर. ठरवलेली जागा नष्ट करण्यात 95 टक्के यश आलं. 3 रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं हिस्टोसॉनिक्स कंपनीच्या यंत्राला परवानगी दिली.

‘आवाजानं कॅन्सर बरा’ असे मथळे देणाऱ्यांनी ती परवानगी वाचलेली दिसत नाही. परवानगी यकृतातल्या गाठी नष्ट करण्याची आहे. कॅन्सर परत येतो का, रुग्ण 5 वर्षं जगतो का, हे तपासलेलं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ते 95 टक्के 36 तासांच्या आत काढलेल्या स्कॅनवरून ठरले. म्हणजे भोक योग्य जागी आणि योग्य मापाचं पडलं का, एवढंच पाहिलं गेलं. लाल पापुद्र्यावर पाहतात तेच, फक्त माणसाच्या पोटात. हे छोटं यश नव्हे. पण ‘डॉक्टर, मी बरा होईन ना?’ या प्रश्नाचं ते उत्तर नाही, आणि त्यासाठी रुग्णांवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते.

दरम्यान यंत्र मूत्रपिंडाच्या गाठींकडे वळलंय. त्यासाठी इंग्लंडमध्ये घेतलेल्या चाचणीचं नाव आहे ‘केन’.