पंधरावे गुणसूत्र आणि तेंदूचे पान

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातली गावे पहाटेच रिकामी होतात. ऊन चढायच्या आत तेंदूची पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. पेसा आणि वनहक्क कायद्यांच्या आधाराने आता अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतःच करतात. पाने ट्रकांतून बाहेर जातात आणि बिड्या होऊन परत येतात. त्या बिडीपुढे मात्र सगळे सारखे नसतात. एकाच अंगणात वाढलेल्या दोन भावांपैकी एकाला दिवसाला दोन-तीन बिड्या पुरतात, तर दुसऱ्याला अख्खे बंडल पुरत नाही. एकाची सवय ठरवल्यावर सुटते, दुसरा चार दिवसांत पुन्हा पानठेल्यावर दिसतो. गाव त्याला मनाचा कच्चा म्हणते.

पण फरक मनाच्या आधी यकृतात सुरू होतो. शरीरात शिरलेल्या निकोटिनपैकी ७० ते ८० टक्के निकोटिनचे कोटिनिन होते, आणि हे काम मुख्यतः ‘सीवायपी२ए६’ नावाचे विकर करते. ते घडवणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते आणि त्याची रूपे माणसागणिक वेगळी. ज्याचे विकर मंद, त्याच्या रक्तात निकोटिन जास्त वेळ टिकते. पुढच्या बिडीची हाक उशिरा येते. ज्याचे विकर तेज, त्याचे रक्त लवकर रिकामे होते आणि हात लवकर खिशात जातो.

दुसरा धागा मेंदूत आहे. २००८ मध्ये ‘नेचर’ आणि ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आइसलंड, फ्रान्स आणि अमेरिका येथील संशोधकगटांचे तीन शोधनिबंध आले. तिन्हींचे बोट एकाच जागेवर होते: पंधराव्या गुणसूत्रावरील ‘सीएचआरएनए५’ आणि त्याच्या शेजारची जनुके. मेंदूतल्या पेशींवर निकोटिन ज्या ग्राहींना चिकटते, त्यांचे भाग ही जनुके घडवतात. २०११ मध्ये पॉल केनी यांच्या गटाने उंदरांमधून ‘सीएचआरएनए५’ हे जनुक काढून टाकले. साधा उंदीर निकोटिनचा डोस वाढला की मागे सरतो, पण हे उंदीर घेतच राहिले. ‘आता पुरे’ असा इशारा देणारी मेंदूतली वाट त्यांच्यात दुबळी झाली होती. माणसात या जनुकाच्या एका जोखमीच्या प्रतीमागे दिवसाला साधारण एक सिगारेट वाढते. एवढ्याशा फरकाचे काय, असे वाटेल. पण त्याच प्रतीमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जवळपास ३० टक्क्यांनी वाढलेला आढळला. ज्यांनी कधी धूम्रपान केलेच नाही, त्यांच्यात हा संबंध जवळजवळ दिसत नाही.

या शेवटच्या वाक्याला मोठा इतिहास आहे. १९५८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी असा युक्तिवाद केला की, धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग ही दोन्ही एकाच जनुकीय वारशाची फळे असू शकतील. धुराला दोष कशाला? फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उद्योगाचे सल्लागारही होते. उत्तर फिनलंडच्या जुळ्यांनी दिले. एक धूम्रपान करणारा आणि दुसरा न करणारा, अशा जोड्यांचा याक्को काप्रिओ आणि मार्क्कू कोस्केनवुओ यांनी १२ वर्षे मागोवा घेतला. एकसारखी जनुके असलेल्या भावंडांतही आधी मृत्यू आला तो बहुतेकदा धूम्रपान करणाऱ्याला.

तंबाखूच्या इतर रूपांबाबत महाराष्ट्रातच काम झाले आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. गडचिरोली-चंद्रपुरात त्याचे नाव खर्रा: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रजनी भिसे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या भारतीय रुग्णांची जनुके तपासली. विषारी रसायने निकामी करणारे ‘जीएसटीएम१’ जनुक ज्यांच्यात मुळातच नव्हते, त्यांच्यात धोका ठळकपणे जास्त निघाला.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार तंबाखूच्या व्यसनातील माणसामाणसांमधल्या फरकाचा जवळपास निम्मा भाग जनुकांकडे जातो. हा आकडा ऐकून कुणी हात टेकू नयेत. २०१६-१७ च्या त्याच तंबाखू सर्वेक्षणात देशातले १९ टक्के पुरुष धूम्रपान करत होते, आणि बायका फक्त २ टक्के. पंधरावे आणि एकोणिसावे गुणसूत्र तर बाईपुरुषांना सारखेच मिळते. नऊपटींहून मोठी ही दरी रीतीने पाडली आहे, रक्ताने नव्हे.

जनुकांतला दोष म्हणजे काय, हे धानोऱ्याला सांगावे लागत नाही. सिकलसेल इथल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच तालुक्यातल्या शोधग्राममध्ये काम करणाऱ्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या सिकलसेलचा अभ्यास केला होता. पण सिकलसेलमध्ये एका जनुकातले एक अक्षर बदलते आणि आजार ठरतो. धूम्रपानाचे तसे नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या सुमारे ३४ लाख लोकांच्या अभ्यासात तंबाखू आणि दारूच्या सवयींशी जोडलेले हजारो जनुकीय बदल सापडले, एकेकट्याचा परिणाम चिमूटभर. त्या ३४ लाखांतले सुमारे चार-पंचमांश युरोपीय वंशाचे होते. युरोपीय रक्तावर बेतलेले जोखमीचे गुणांक गोंड-माडिया माणसाला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगावर चढवणे, आणि तसे करू नये असे ठामपणे म्हटले पाहिजे.

उपचारात मात्र ही माहिती कामाची ठरू लागली आहे. कॅरिन लर्मन यांच्या गटाने २०१५ मध्ये १,२४६ धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी घेतली. ज्यांचे विकर नेहमीच्या वेगाचे, त्यांना निकोटिनच्या पट्टीपेक्षा व्हॅरेनिक्लिन हे औषध अधिक लागू पडले. मंद विकरवाल्यांना दोन्ही सारखेच. पण व्हॅरेनिक्लिनचा त्रास त्यांना जास्त झाला, म्हणजे त्यांच्यासाठी साधी पट्टीच बरी. विकराचा वेग सांगणारी रक्ततपासणी धानोऱ्याच्या रुग्णालयात यायची तेव्हा येईल.

तोवर थांबायचे कारण नाही. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान दारूबरोबर तंबाखूविरुद्धही गावागावांत काम करते आहे. ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या अभ्यासात रिचर्ड डॉल यांना दिसले की, चाळिशीत सिगारेट सोडणाऱ्याचे आयुष्य सुमारे ९ वर्षांनी वाढते, साठीत सोडणाऱ्याचेही ३ वर्षांनी. यातल्या कुणाचीही जनुके आधी तपासलेली नव्हती. सोडायला सोबत हवी असेल, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.